फुंक्याची जागा

ताई शहर बघायला आलीच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तटबंदी, महाल, बंदर असलं काही आलं की वाचणाऱ्याने उगाच खूश व्हायला नको. ती धाकट्या भावाला न्यायला आली होती. संध्याकाळच्या गाडीची परतीची दोन तिकिटं तिच्या पर्समध्ये होती. एक तिचं, एक त्याचं. त्याला विचारलेलं नव्हतं. विचारलं तर तो नाही म्हणणार हे ठाऊक होतं. आणि नाही म्हणणाऱ्या माणसाला विचारायचं कशाला?

पिशवीत एक लाल कोट होता. ताई बँडवाल्यांचे कोट शिवते. बाप बँडमास्तर होता. त्याने पोराच्या हातात क्लॅरिनेट दिलं आणि पोरीच्या हातात सुई. कान पोरीचा जास्त चांगला होता. धाकट्याचा सूर चुकला की शेजारच्या खोलीतून शिवणयंत्राचा पाय थांबायचा, आणि यंत्र थांबलं की बाप धाकट्याच्या पाठीत धपाटा घालायचा. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. तरी त्याने सुईच दिली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून इथेच थांबतो.

बाप गेल्यापासून ताईकडे दोन खोल्या आणि एक माणूस असा हिशेब होता. बापाच्या खोलीत ती रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि आपल्या खोलीत येऊन शिवत बसायची. दाराच्या फटीतून उजेड दिसला की कुणीतरी पलीकडे आहेसं वाटायचं. मग फुकट वीज कशाला जाळायची म्हणून उठून विझवायची. लग्न का नाही केलं, हे विचारणारे नातेवाईकही आता मरून गेले होते.

धाकट्याचा फोन महिन्यापूर्वी आला होता. तो बऱ्याच वर्षांपूर्वी इकडे दक्षिणेला निघून आला आणि एका जुन्या खानावळीत संध्याकाळी वाजवायला लागला. "ताई, ये एकदा. दिवसभर शहर बघ, दुपारी आमच्याकडे जेव, संध्याकाळी मला ऐक," म्हणाला. आवाज तोंडात घास धरल्यासारखा येत होता. जेवताना फोन केलाय मेल्याने, असं तिला वाटलं. तिने रात्री जागून कोट शिवला. मापं आठवणीतली.

स्टेशनवर धाकटा नव्हता. पांढरी टोपी घातलेला, दातांत फट असलेला एक माणूस होता. हातात पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'ताई'.

"मला पोपट म्हणतात," तो म्हणाला. "दिवसा गाइड, संध्याकाळी ढोल. रोज तेच तेच बोलतो म्हणून पोपट. तुमच्या भावाला आम्ही फुंक्या म्हणतो."

"तो कुठंय?"

"तालमीला गेलाय. आमचे मास्तर सोडत नाहीत हो. दुपारी जेवायला भेटेल. तोवर तुम्हाला शहर दाखव म्हणाला."

"मला शहर नको, तो हवाय."

"शहर बघितल्याशिवाय तो मिळत नाही," पोपट हसत म्हणाला आणि त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने पिशवी दिली नाही.

सोबत आणखी एक जोडपं होतं. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, बायको त्याच्यामुळे थकलेली. बँकवाल्याने पहिल्याच चौकात विचारलं, "तुम्ही एकट्याच?" ताई म्हणाली, "हो." तो म्हणाला, "अरे वा." यात 'अरे वा' काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

पोपटने त्यांना वेशीतून आत नेलं. वेशीचे दगड हात लागून लागून गुळगुळीत झाले होते. पलीकडे अरुंद गल्ल्या, गल्ल्यांत रंग उडालेली दारं, आणि त्या उडालेल्या रंगाचे फोटो काढणारी माणसं. आपल्या घरच्या दाराचा रंग उडाला तर ही माणसं रंगाऱ्याला शिव्या घालतील. इथे येऊन त्यालाच संस्कृती म्हणतात. दाराआडची म्हातारी बाहेर आली की तिला जरा बाजूला व्हायला सांगतात, दार नीट यावं म्हणून. ताईने एका म्हातारीला बाजूला होताना पाहिलं. सवय असल्यासारखी झाली ती.

महालात वरच्या मजल्यावर एक उंच खिडकी होती. खिडकीत बसायला दगडी ओटा, समोर बंदर आणि समुद्र. बँकवाला बायकोला ओट्यावर बसवून फोटो काढत खाली निघून गेला, तेव्हा पोपट ताईजवळ आला.

"ही राणीची खिडकी. हिच्या तीन गोष्टी आहेत माझ्याकडे. जोडपं आलं तर सांगतो की राजा समुद्रावर गेला आणि राणी इथेच वाट बघून मेली. बायकांचा घोळका आला तर सांगतो, राजा गेला ते बरंच झालं, तिने त्याच्यापेक्षा चांगलं राज्य केलं. शाळेची सहल असली तर राजा परत येतो. तुम्हाला कोणती सांगू?"

ताईने ओट्याकडे बघितलं. एका माणसाच्या बसण्याइतकाच होता.

"ती रात्री जेवायची कोणाबरोबर, ते सांगा."

"हे कधी कुणी विचारलं नाही."

"विचारणार नाहीत. सगळे पोटभर खाऊन येतात इथे."

दुपारी ते खानावळीत गेले. लांबलचक खोली, लांबलचक बाकं, अनोळखी माणसांनी मांडीला मांडी लावून बसायचं. एका टोकाला लाकडी चौथरा आणि चौथऱ्यावर चार खुर्च्या. दुसऱ्या टोकाला भिंतीत एक चौकोनी खिडकी. स्वयंपाकघर त्या खिडकीपलीकडे. आतून ताटं सरकत यायची आणि मालकीण ती उचलून वाटायची. मालकीण जाड, गोरीपान, आणि आवाज असा की मेलेल्याने उठून ताट धुवावं.

"फुंक्याची बहीण होय? बसा, बसा. एकट्याच आलात?"

"एकटीच येते मी सगळीकडे."

"बरं असतं. कुणाचं उष्टं काढायला नको." आणि तिने ताईपुढे ताट ठेवलं. भात, घट्ट तिखट रस्सा, मोठा तळलेला मासा.

"भाऊ कुठंय माझा?"

मालकिणीने पोपटकडे बघितलं. पोपटने भाताकडे बघितलं. "डॉक्टरकडे गेलाय. दाढ दुखतेय म्हणत होता. येईलच," तो म्हणाला.

शेजारी बँकवाला माशाचे काटे बशीच्या कडेला लावत होता आणि प्रत्येक काट्याला एक तक्रार करत होता. ताईने आपल्या माशात बोट घातलं. काटा नव्हता. दुसऱ्या बाजूने उलटून बघितलं. पाठीचा कणाही काढून टाकलेला, आणि मासा पुन्हा जुळवून असा ठेवलेला की वरून कळू नये.

लहानपणी तिच्या घशात काटा अडकला होता. तेव्हापासून ती मासा खाताना रडायची, आणि धाकटा, तिच्यापेक्षा लहान असून, तिच्या ताटातला मासा ओढून घेऊन काटे काढायचा. बापाला दिसू नये म्हणून मासा पुन्हा जुळवून ठेवायचा.

तिने मान वर करून भिंतीतल्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत फक्त वाफ होती.

तिने मासा सगळा खाल्ला. सावकाश. मग बाहेर हात धुताना पोपटला गाठलं.

"पोपटराव, राणीच्या गोष्टी बऱ्या सांगता. भावाच्या जमत नाहीत तुम्हाला. सकाळी तालीम, दुपारी दाढ. एवढ्या गर्दीत माझ्याच माशाचे काटे कुणी काढले?"

पोपटने टोपी काढली. टोपीखाली टक्कल होतं आणि टकलाखाली एकदम वेगळाच, थकलेला माणूस.

"ताई, त्याचं तोंड गेलंय."

"म्हणजे?"

"सकाळी उठला तर अर्धा चेहरा मेलेला. थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. एक ओठ बंदच होत नाही. फुंकर मारली की हवा बाजूने जाते, आवाजसुद्धा निघत नाही. डॉक्टर म्हणाले सुधारेल, मग थोडं सुधारायलाही लागलं. त्या आनंदात त्याने तुम्हाला फोन केला. नंतर सुधारायचं थांबलं. तुमचं येणं ठरलं होतं. नको येऊ म्हणायची त्याला लाज वाटली. आत भांडी घासतो, भाज्या चिरतो. तुम्हाला दिसायचं नाही म्हणाला."

ताई वळून आत निघाली. पोपटने तिचा हात धरला.

"जाऊ नका. तुम्ही त्या दारातून गेलात तर तो मागच्या दाराने जाईल. तसं सांगून ठेवलंय त्याने. संध्याकाळपर्यंत थांबा. तुम्हाला ऐकायला बसलेलं बघायचंय त्याला."

"काय ऐकायला? वाजवत नाही ना तो?"

"नाही. पण त्याची जागा वाजते."

आणि मग पोपटने तिला ते सांगितलं. खानावळीतल्या वादकांचा एक कायदा होता. तो मास्तरांनी केलेला. मास्तर व्हायोलिन वाजवायचे. तरुणपणी ते कुठेतरी वाजवत असताना आजारी पडले, आणि बरे होऊन परतले तर त्यांच्या खुर्चीवर दुसराच बसला होता, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही फरक कळत नव्हता. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की आपल्यात कुणी आजारी पडला तर त्याची खुर्ची मांडायची आणि चालीत त्याचा तुकडा आला की सगळ्यांनी थांबायचं. तितका वेळ गप्प. कुणी भरायचा नाही. जोवर ते भोक आहे तोवर तो माणूस वादकांत आहे. आणि एकदा का ते कुणी भरलं, वाजवून, गाऊन, कसंही, की संपलं. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आत.

"मास्तर म्हणतात, कान हरामखोर असतो. एकदा भरलेलं ऐकलं की रिकामं त्याला चालत नाही," पोपट म्हणाला. "आमच्यात एक बासरीवाला होता. पाय मोडून पडलेला. एका गिऱ्हाइकाने पिऊन त्याच्या जागेवर शीळ घातली. मास्तरांनी त्याच रात्री खुर्ची उचलली. आम्ही रडलो, पाया पडलो. पालथ्या घड्यावर पाणी."

"मी त्याला न्यायला आलेय," ताई म्हणाली.

"ते त्याला कळलंय म्हणून तर लपलाय. तुम्ही कोट आणलाय ना? तो म्हणाला, ताई कधी रिकाम्या हाताने न्यायला येत नाही."

दुपारचा उरलेला वेळ ती बंदराच्या कट्ट्यावर बसली. पोपट जोडप्याला वाद्यांच्या गल्लीत घेऊन गेला. ताई गेली नाही. समोर जहाजांवर माल चढत होता, उतरत होता. शेजारी एक बाई येऊन बसली, फोनवर भरपूर भांडली आणि निघून गेली. भांडायला फोनच्या पलीकडे माणूस लागतो, एवढं ताईच्या मनात आलं. पिशवीतून कोट काढून तिने अस्तर बघितलं, एक दोरा दाताने तोडला, पुन्हा घडी घातली. घडी नीट झाली नाही म्हणून परत घातली. तिला त्याच्या तोंडाचं वाईट वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटत होतं. वाजवता येत नाही म्हणजे आता इथे राहायचं कारण काय? माणूस एकटा पडला की असा होतो. दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडावर आपली चूल मांडायला बघतो. पुस्तकात एकटेपणाला फार गोड गोड लिहितात. लिहिणाऱ्यांना घरी कुणीतरी चहा करून देणारं असतं.

उन्हं उतरायला लागली तशी ती खानावळीत परतली. खोली भरली होती. बँकवाल्याने तिच्यासाठी आपल्याजवळ जागा धरली होती. माणूस वाईट नव्हता, नुसता बोलका होता. चौथऱ्यावर मास्तर व्हायोलिन घेऊन बसले, हाडांचा सापळा. पोपट ढोल घेऊन. एक बाई पेटी घेऊन. चौथी खुर्ची रिकामी, तिच्या बैठकीवर स्वच्छ पुसलेलं क्लॅरिनेट आडवं ठेवलेलं.

दोन-तीन चाली झाल्या. लोक जेवत होते, माना हलवत होते. मग मास्तरांनी एक चाल धरली आणि ताईच्या हातातला पेला थांबला.

चाल बापाची होती. बापाने स्वतः बसवलेली. त्याच्या बँडशिवाय कुणाकडे नव्हती. धाकट्याने ती इथे आणून यांना दिली होती. ताईने आयुष्यभर तिच्यावर टीप मारली होती. तिच्या पायाला ती चाल हातापेक्षा जास्त माहीत होती.

क्लॅरिनेटचा तुकडा आला. सगळे थांबले. व्हायोलिन हवेत, पोपटचे हात हवेत. खोलीत चमच्यांचा आवाज उरला. कुणीतरी टाळी वाजवली आणि ओशाळून थांबवली.

"विसरले वाटतं," बँकवाला कुजबुजला.

"गप्प बसा," ताई म्हणाली.

मास्तरांनी नेमका पुढचा सूर उचलला आणि चाल पुन्हा सुरू झाली. ती फिरून त्याच जागेवर आली. पुन्हा सगळे थांबले. या वेळी ताईने चौथऱ्याकडे बघितलंच नाही. ती भिंतीतल्या खिडकीकडे बघत होती. वाफ कमी झाली होती. आत एक माणूस पाठमोरा उभा होता, हातात लाकडी पळी उभी धरलेली, आणि पळीच्या दांड्यावर त्याची बोटं चालत होती. एकही सूर चुकत नव्हता. तिने बोटांवरून ओळखलं.

चाल तिसऱ्यांदा फिरली. शेवटचा फेरा. ही जागा गेली की मग काही नाही. गाडी, दोन तिकिटं, एक माणूस, दोन खोल्या. ढोल थांबला. व्हायोलिन थांबलं.

ताईने तोंड उघडलं.

आवाज गोड नव्हता. दातांत दोरा धरून गुणगुणणाऱ्या बाईचा आवाज होता. पण सूर नेमके होते, बापाला हवे तसे, आणि तिने तो तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन चालीच्या तोंडाशी आणून सोडला. एवढ्या वर्षांत तिला कुणी वाजवू दिलं नव्हतं. त्या तुकड्यापुरती ती कुणाची बहीण नव्हती, मुलगी नव्हती. तिला छान वाटलं. हे लिहायलाच हवं.

मास्तरांनी पुढचं वाजवलं नाही. त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. बँकवाला उभा राहून टाळ्या वाजवत होता. "वा! मला वाटलंच, हे मुद्दाम बसवलेलं असणार!"

स्वयंपाकघराचं दार उघडलं. धाकटा बाहेर आला. कमरेला ओलं फडकं. अर्धा चेहरा रागाने थरथरत होता आणि उरलेला अर्धा नुसताच लोंबत होता, त्यातल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. तो डोळा मिटतच नव्हता, म्हणून ते रडणं की काय ते कळायला मार्ग नव्हता. तो टाळ्यांमधून वाट काढत तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं?" शब्द जड, ओले येत होते.

नाही म्हणता आलं असतं. पोपटने काही सांगितलंच नाही, असंही म्हणता आलं असतं. पोपटनेही मान खाली घातली होती. तो खोटं बोलायला तयार होता.

"होतं," ताई म्हणाली.

"मग?"

"घरी चल. बाबांची खोली रिकामी आहे."

"तुझी खोली रिकामी म्हणून माझी खुर्ची मोडलीस?"

"अरे, तोंड गेलंय तुझं. भांडी घासतोस इथे. कशासाठी राहायचं?"

"रोज संध्याकाळी ही सगळी माणसं माझ्यासाठी थांबायची," तो म्हणाला. "रोज. तुझ्यासाठी कुणी थांबलंय का कधी?"

हे त्याने चिडून विचारलं. पण विचारून झाल्यावर ते त्याच्या त्यालाच ऐकू गेलं आणि चांगला अर्धा चेहराही पडला.

ताईने पिशवीतून कोट काढला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्याने फडक्याला हात पुसले, कोट घेतला, खांद्यांना लावून बघितला. कोटाचे खांदे त्याच्या खांद्यांच्या बाहेर गेले. तो वाळला होता.

"चांगला शिवलायस," तो म्हणाला. "बाप असता तर चुका काढल्या असत्या." मग त्याने कोटाची घडी घातली, तिच्यासारखीच, कॉलर आत घेऊन, आणि परत दिली. "कुणालातरी बसेल."

"तू नाही येणार?"

"भांडी आहेत, ताई."

तो चौथऱ्यावर चढला. क्लॅरिनेट त्याने मास्तरांच्या पायाशी ठेवलं, खुर्ची एका हाताने उचलली आणि आत घेऊन गेला. मास्तरांनी त्याला अडवलं नाही. कायदा त्यांचाच होता. दार बंद झालं. मालकीण पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "गाडी चुकेल तुमची."

पोपट तिला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आला. अजून उजेड होता. दारांचे फोटो काढणारे गेले होते, म्हाताऱ्या बाहेर येऊन बसल्या होत्या.

"त्या राणीचं खरं काय झालं हो?" ताईने विचारलं.

"कुणाला माहीत. ती खिडकीसुद्धा नंतर बसवलीय. लोकांना काहीतरी बघायला हवं म्हणून." त्याने टोपी नीट केली. "मला जायला हवं, ताई. ढोल माझ्याशिवाय होत नाही."

"जा."

तो धावतच गेला. ती पिशवी छातीशी धरून स्टेशनकडे निघाली आणि दहा पावलांत थांबली. मागे खानावळीत वाजायला लागलं होतं. बापाचीच चाल. कदाचित गिऱ्हाइकांनी पुन्हा मागितली असेल.

चाल त्या जागेवर आली. कुणी थांबलं नाही. मास्तरांनी क्लॅरिनेटचा तुकडा व्हायोलिनवर घेतला, न अडखळता, आणि चाल सरळ पुढे निघून गेली. कुठे भोक होतं ते शोधूनही सापडलं नसतं.

ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. वाईट एवढंच होतं की चाल अशी जास्त चांगली वाटत होती.